शॉर्टफॉर्मचा लोचा

आमच्या ऑफिसात पूर्ण शब्द वापरणारा माणूस म्हणजे एकतर कालच जॉईन झालेला, नाहीतर सरळसरळ संशयित. बाकी सगळे शॉर्टफॉर्ममध्येच जगतात. ईओडीपर्यंत पीपीटी पाठव, क्लायंटला एफवायआय कर, डब्ल्यूएफएच हवंय तर टीएलला पिंग कर. खराडीतल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सकाळी नऊला शिरलं, की आठव्या मजल्यापर्यंत एक धड शब्द कानावर पडत नाही. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. उलट शिरूरहून पुण्यात आले तेव्हा पहिले सहा महिने हे सगळे शॉर्टफॉर्म डायरीच्या मागच्या पानावर गुपचूप लिहून पाठ केले होते. (हो, केले होते. हसा.) पाठ झाले तेव्हा वाटलं, चला, झाले बाई मी कॉर्पोरेट!

हा माज एका रविवारी सकाळी पावणेआठला उतरला. मामीच्या एका फोनने.

त्याचं झालं असं. माझे मामा दौंडला असतात. रेल्वेतून रिटायर झालेत. गेल्या पावसाळ्यात पायाला छोटीशी जखम झाली, ती बरी होईना, म्हणून रक्त तपासलं तर साखर चारशेच्या वर. म्हणजे डायबिटीस कित्येक वर्षं आत बसून होता आणि मामा रोज दोन चमचे साखरेचा चहा त्याला पाजत होते. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात ॲडमिट केलं. मामेभाऊ रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळे पुण्यातली सगळी धावपळ माझ्या गळ्यात. 'तू काय, तिथंच तर आहेस' या न्यायाने.

शॉर्टफॉर्मचा पहिला झटका दुसऱ्याच दिवशी बसला होता. जखम साफ करायची म्हणून मामांना ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचं होतं. खाटेच्या दांडीला पाटी लटकवलेली, तीन इंग्रजी अक्षरं, एनबीएम. मामांचा सगळा जन्म रेल्वेत गेलेला. ते मामीला म्हणाले, "हे कुठलं स्टेशन गं?" मामीलाही कळेना. तिने थर्मासमधला चहा आणि दोन बिस्किटं दिली, आणि मामांनी ती खाल्ली. अर्ध्या तासाने वॉर्डबॉय न्यायला आला आणि एकच बोंबाबोंब. एनबीएम म्हणजे निल बाय माऊथ, तोंडाने काही द्यायचं नाही. भूल दिल्यावर पोटातलं उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं म्हणून ही उपासमार. सगळं काही तास पुढे गेलं. सिस्टर मामीवर चिडली. "पाटी लावलीय ना समोर!" लावली होती, खरंय. फक्त ती ज्यांच्यासाठी होती त्यांना वाचता येत नव्हती.

(तिकडे रांजणगावला भावाने लाईनवरच्या दोस्तांना सांगितलं, "वडलांना ओटीला नेलंय." त्यावर एकजण म्हणाला, "रिटायर झाले ना रे ते? ओव्हरटाईम कसला?")

तेव्हा आम्ही हसलो. आठ दिवसांनी शनिवारी दुपारी डिस्चार्ज मिळाला. इन्सुलिन घरी टोचायचं होतं, म्हणून सिस्टरने मामीला बाटली, सिरिंज, टोचायची जागा असं सगळं दाखवलं. मी त्या वेळी कुठे होते? टीपीएच्या काउंटरवर, कॅशलेसच्या अप्रूव्हलसाठी भांडत. डिस्चार्ज कार्ड माझ्या हातात पडलं. मी त्याचा फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, कार्ड फाईलमध्ये कोंबलं आणि सगळ्यांना गाडीत बसवलं. यवत, चौफुला, पाटस करत गाडी दिवेलागणीला दौंडला पोचली. मी पीजीवर येऊन झोपले. जाम दमले होते.

रविवारी फोन. मामी म्हणाली, "अगं, ते इंजेक्शनचं किती लिहिलंय? सिस्टर बोलल्या होत्या, पण गडबडीत डोक्यात राहिलं नाही. चहाच्या आधी द्यायचंय ना?"

मी एक डोळा उघडून फोटो झूम केला. घाईत हाताने लिहिलेलं. म्हटलं, "मामी, सकाळी नाश्त्याआधी शंभर. रात्री जेवणाआधी साठ."

पलीकडे शांतता. मग, "शंभर? अगं, या सिरिंजवर चाळीसपर्यंतच रेघा आहेत."

आणि आता मी काय बोलले ते ऐका. इंजिनीअरिंगची डिग्री, वर एमबीए, टीममध्ये 'डीटेल-ओरिएंटेड' म्हणून ॲप्रेझलला शाबासकी मिळवलेली मी म्हणाले, "मग दोन-तीनदा भरून घ्यायचं असेल."

मामी म्हणाली, "अडीच सिरिंजा? हॉस्पिटलात तर सिस्टर पावच सिरिंज भरायच्या. मी रोज बघत होते. थांब. काहीतरी चुकतंय. मी नाही टोचत."

मी ताडकन उठून बसले. कार्डावरच्या नंबरवर फोन लावला. तिसऱ्या प्रयत्नात वॉर्डातल्या सिस्टरने उचलला. तिने फाईल काढली आणि ओरडलीच, "टेन! टेन युनिट्स! हंड्रेड कुणी सांगितलं?"

मी सांगितलं होतं. कार्डावर दहाचा आकडा होता आणि त्याला चिकटून इंग्रजी यू हे अक्षर. यू म्हणजे युनिट. पण घाईत लिहिलेला यू वरच्या बाजूला जरा जुळला की त्याचं शून्य होतं. दहा यूचे शंभर, सहा यूचे साठ. इन्सुलिनचा दहापट डोस म्हणजे साखर धाडकन खाली येणार. घाम, थरथर, बडबड, मग बेशुद्धी. जीवही जाऊ शकतो. तेही दौंडमध्ये, रविवारी सकाळी, मामेभाऊ फर्स्ट शिफ्टला आणि घरात मामी एकटी. त्या दिवशी मी दात न घासता दोन तास बेडवर बसून होते.

मामीला इंग्रजी वाचता येत नाही. तिने पाव सिरिंज डोळ्यांनी बघून ठेवली होती. चाळीस रेघांच्या सिरिंजमध्ये दहा म्हणजे बरोबर पाव. मला इंग्रजी येतं, म्हणून मी शंभर वाचले.

नंतर शोधलं तर कळलं की हा यू जगभर बदनाम आहे. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणारी जॉईंट कमिशन नावाची संस्था आहे. तिने २००४ साली 'हे लिहूच नका' अशी छोटी यादी काढली, त्यात पहिल्या काही नावांत हा यू आहे. लिहायचं तर 'युनिट' असं पूर्ण लिहा. त्याचा भाऊ आययू, म्हणजे इंटरनॅशनल युनिट, तोही यादीत, कारण तो कधी आयव्ही म्हणजे शिरेतून द्यायचं असा वाचला जातो, तर कधी चक्क दहा! त्याच यादीत दशांश चिन्हाच्या दोन खोड्या आहेत. पाच लिहायचे तर 'पाच पॉइंट शून्य' लिहू नका, टिंब पुसट झालं की पन्नास होतात. आणि अर्धा लिहायचा तर टिंबाआधी शून्य हवंच, नाहीतर 'पॉइंट पाच'चे पाच होतात. एक्सेलमध्ये डेसिमल सरकलं तर मॅनेजर ओरडतो. इथे ओरडायला कोणी उरत नाही.

आपल्याकडे यात अजून एक गंमत आहे, खरं तर गंमत नाहीच. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिटवाली आणि शंभर युनिटवाली. सिरिंजाही तशाच दोन. चाळीसवालीचं टोपण लाल, शंभरवालीचं नारिंगी. चाळीसच्या बाटलीतलं औषध शंभरच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर शरीरात जातात फक्त चार युनिट. उलटं केलं, म्हणजे शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये, तर दहाच्या रेघेला पंचवीस युनिट! म्हणजे नुसतं 'दहा' पाठ करूनही भागत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दर वेळी बघायचं. विशेषतः मेडिकलवाल्याने 'ती नाहीये, ही घ्या, सेमच आहे' म्हणून दुसरी दिली तर.

पुढच्या शनिवारी मी दौंडला गेले. मामांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "आमच्याकडे असलं चालत नाही." आमच्याकडे म्हणजे रेल्वेत. मग त्यांनी मला दौंडचा कोड सांगितला, डीडी. मी म्हटलं, "डीडी म्हणजे बँकेतला डिमांड ड्राफ्ट." मामा म्हणाले, "बँकेत असेल. रेल्वेत डीडी म्हणजे दौंड. मनमाड एमएमआर, सोलापूर एसयूआर. नवी दौंड कॉर्ड लाईन झाली तर तिला वेगळा कोड, डीडीसीसी. दोन स्टेशनांना एक कोड कधी देत नाहीत." मामा मोठे हुशार. अख्ख्या देशात कुठल्याही तिकीट खिडकीवर डीडी म्हटलं की दौंडच. शॉर्टफॉर्म वाईट नसतोच, बॉस. तो एकाच अर्थाचा हवा आणि दोन्ही टोकांच्या माणसांना ठाऊक हवा. नाहीतर आमच्या शिरूरसारखं होतं. बीड जिल्ह्यात एक शिरूर, लातूरला शिरूर अनंतपाळ, म्हणून आम्हाला सारखं सांगावं लागतं, 'घोडनदीचं शिरूर हो, पुणे जिल्हा.'

औषधांच्या चिठ्ठीत नेमका हाच लोचा आहे. दौंडहून न्हावऱ्यामार्गे शिरूरला घरी गेले, तिथे आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे बसून मी तासभर डोकं खाल्लं. लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे पेशंट संपल्यावर चहा पाजून शिकवणी घेतली.

तर हे सगळे शॉर्टफॉर्म लॅटिन आहेत. बीडी म्हणजे 'बिस दिए', दिवसातून दोनदा. (ते 'दिए' इंग्रजी स्पेलिंगने वाचलं तर 'दोनदा मर' असं होतं, हे माझं निरीक्षण. डॉक्टर हसले नाहीत.) टीडीएस म्हणजे 'तेर दिए सुमेंदुम', दिवसातून तीनदा घ्यायचं. माझ्या कलीगने एकदा खोकल्याच्या औषधावर टीडीएस वाचून 'यातही कापला?' असं विचारलं होतं, तो जोक नव्हता, मार्च महिना होता. एचएस म्हणजे 'होरा सोम्नी', झोपायच्या वेळी. आपल्या पत्रिकेतला होरा आणि हा होरा मुळात एकच, ग्रीकांकडून आलेला. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. पीसी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, ते सांगायला नकोच. मामांच्या कार्डावर नाश्त्याआधीसाठी बीबीएफ होतं. मी ते दोनदा बीएफएफ वाचलं.

एसओएस मात्र नीट समजून घ्या. आमचे बाबा कित्येक वर्षं समजत होते की जहाज बुडताना पाठवतात तो हा एसओएस, म्हणजे अगदी जिवावर बेतलं तरच ही गोळी घ्यायची. त्यामुळे तापाने फणफणले तरी गोळी कपाटातच. खरा अर्थ 'सी ओपुस सित', गरज पडली तर. पण याच्या उलटी माणसंही असतात. गरज पडली तर ना, मग दुखेल तेव्हा घे, दिवसात आठ-दहा. म्हणून एसओएस लिहिलेलं दिसलं की डॉक्टरांना लगेच दोन प्रश्न विचारायचे. कशासाठी? आणि दिवसात जास्तीत जास्त किती, किती तासांच्या अंतराने? साधी पॅरासिटामॉलसुद्धा मर्यादेबाहेर गेली तर लिव्हरवर उठते.

आणि ओडी. हा त्यातला महागुरू. आपल्याकडे चिठ्ठीत ओडी म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या भाषेत ओडी म्हणजे उजवा डोळा, 'ओक्युलस डेक्स्टर'. आपल्या पिढीला सिनेमांनी शिकवलेला ओडी म्हणजे ओव्हरडोस. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ड्रॉप्सपुढे नुसतं ओडी होतं. आता हे एकदा घालायचं की उजव्यात घालायचं? ऑपरेशन डाव्या डोळ्याचं होतं म्हणून कोडं आपोआप सुटलं. उजव्याचं असतं तर?

इथे एक मुद्दा. लोक म्हणतात, अक्षराचा प्रॉब्लेम आहे, कॉम्प्युटरवर छापा की झालं. अक्षराचा आहेच. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २०१६ साली नियमात घातलं की औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. २०२५ साली पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येईल अशी चिठ्ठी हा घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगितलं. न्यायाधीशांपुढे आलेला एक वैद्यकीय अहवाल त्यांना स्वतःलाच वाचता आला नव्हता, त्यावरून. हे सगळं झकास. पण ओडी कितीही सुंदर टाइप केलं, बोल्ड केलं, अंडरलाइन केलं तरी त्याचे अर्थ तेवढेच राहतात. दहा यूमधला यू छापला असता तर मी शंभर वाचले नसते, मान्य. पण मामीला मग तो यू तरी कुठे कळला असता?

डॉक्टरांची बाजूही ऐकली मी. ते म्हणाले, "बाजाराच्या दिवशी दाराबाहेर किती चपला असतात ते बघितलंयस ना? प्रत्येकाला निबंध लिहायला बसलो तर शेवटचा पेशंट उद्या घरी जाईल." खरं आहे. आणि वॉर्डात, आयसीयूत, ज्यांना ही भाषा येते त्यांच्यात ती हवीच. 'स्टॅट' म्हटलं की सिस्टर पळते, तिथे 'कृपया तात्काळ' म्हणत बसायला वेळ नसतो. पण मग ते स्वतःच म्हणाले, वॉर्डातली भाषा वॉर्डात ठेवावी, घरी जाणारा कागद घरच्या भाषेत असावा. डिस्चार्ज कार्डावर अडचण अशी की तो एकच कागद दोघांसाठी असतो. पुढच्या डॉक्टरसाठी आणि मामीसाठी. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा पहिलाच असतो.

मामांच्या कार्डाच्या वरच्या भागात 'केसीओ डीएम' असं होतं, म्हणजे डायबिटीसचे माहीत असलेले पेशंट. भावाला वाटलं डीएम म्हणजे इन्स्टावर मेसेज. खाली एसओबी नाही, असंही लिहिलेलं. इंग्रजी शिव्यांमध्ये एसओबीचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहितेय. भाऊ तापला, "डॉक्टर माझ्या बापाला काय लिहितोय हे?" शॉर्टनेस ऑफ ब्रेथ, बाबा. धाप लागत नाही, असं लिहिलंय. शांत हो.

तासाभराच्या शिकवणीत मला सगळ्यात आवडला तो मात्र आईच्याच फाईलमधला कागद. आईला संधिवात आहे, तिला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी चालू आहे. ही गोळी संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी कमी होतात, तोंडात फोड येतात, इन्फेक्शन होतं आणि माणूस दगावू शकतो. जगभर अशा चुका झाल्यात, कारण आपल्याला गोळी म्हटलं की 'रोज' इतकी सवय झालेली असते. आईच्या पुण्यातल्या संधिवाताच्या डॉक्टरांनी छापील चिठ्ठीवर निळ्या पेनाने मराठीत लिहिलंय, 'फक्त रविवारी'. खाली दोन रेघा. त्यापुढे, 'रोज नाही'. किती वेळ लागला असेल? पाच सेकंद. आई दर रविवारी पोह्यांनंतर ती गोळी घेते आणि कॅलेंडरवर टिक करते. आजवर एक वार चुकलेला नाही.

तसंच ते 'एक-शून्य-एक'. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मामीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "एकशे एक? आहेर आहे का?" पण हा शॉर्टफॉर्म मला आवडतो. तो दिवसाचं चित्र काढतो आणि एकदा सांगितला की शाळा न शिकलेल्यालाही कळतो. जुन्या कंपाउंडरच्या कागदी पुड्यांवर सूर्य आणि चंद्र काढलेले असायचे, त्याचाच हा नातू.

आणि गावाकडे दुभाषाचं हे काम खरं कोण करतं सांगू? आशाताई. आशा हाही शॉर्टफॉर्मच, हं! २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून हे पद आलं, ॲक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट. पण गावात कुणाला ही चार अक्षरं आठवत नाहीत, ती सरळ ताई झाली. न्हावऱ्याकडे माझी एक चुलत वहिनी गरोदर होती, तिचं कार्ड मी बघितलं. एएनसी, एलएमपी, ईडीडी, एचबी. वहिनीने मला घडाघडा सांगितलं, "हे माझं शेवटच्या पाळीचं, हे बाळाच्या तारखेचं, आणि हे रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या. चहाबरोबर नाही घ्यायच्या." ईडीडी म्हणजे काय, ते मी गुगल करून गेले होते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे शॉर्टफॉर्म पाठ करायचे का? अजिबात नको. मी ऑफिसचे पाठ केले होते, त्याचा काय उपयोग झाला तो वर वाचलातच. उलट अर्धवट माहिती जास्त घातक. 'मला येतं' असं वाटलं म्हणून तर मी झोपेत शंभर म्हणाले. आता मी एवढंच करते, की हॉस्पिटलच्या दारातून बाहेर पडायच्या आधी कागद घेऊन सिस्टरसमोर उभी राहते आणि मलाच मोठ्याने वाचून दाखवते. कुठलं औषध, कशासाठी, किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. ती मान हलवते किंवा दुरुस्त करते. मग तिथेच बसून पेनाने मराठीत लिहायचं, आणि घरी औषध देणाऱ्या माणसाच्या हातात ते द्यायचं. व्हॉट्सॲपवर फोटो टाकणं म्हणजे सांगणं नव्हे. लाज वाटते, मागे लाईन असते, कोणीतरी 'मॅडम, जरा लवकर' म्हणतं. म्हणू दे.

एमसीजी आणि एमजी यांच्याकडेही बघायला लागलेय. माझीच थायरॉईडची गोळी पन्नास एमसीजीची आहे, म्हणजे मायक्रोग्रॅम. एक हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. तीन वर्षं मी फॉर्मवर बिनधास्त 'पन्नास एमजी' लिहीत होते. एक हजार पट!

आणि डोस विचित्र वाटला, म्हणजे एका वेळी चार गोळ्या, अडीच सिरिंजा, पाव चमच्याऐवजी अर्धी बाटली, तर थांबून फोन करायचा. हॉस्पिटलला, नाहीतर आपल्या डॉक्टरांना, नाहीतर मेडिकलमधल्या फार्मासिस्टला. अंदाजाने द्यायचं नाही, आणि अंदाजाने औषध बंदही करायचं नाही.

गेल्या महिन्यात मामा-मामी चेकअपला आले, दौंडच्या शटलने. मामांचा पाय मस्त भरलाय, स्टेशनचा जिना स्वतः चढले. मी अर्धा दिवस रजा टाकून ओपीडीत गेले. डॉक्टरांनी साखर बघून डोस थोडा कमी केला आणि कार्डावर लिहिलं. मामीने कार्ड डोळ्यांजवळ धरलं, मग डॉक्टरांपुढे ठेवलं आणि त्या एका अक्षरावर बोट टेकवलं.

"साहेब, हे यू नको. ते शून्य होतं."

डॉक्टर तरुण होते, आपल्याच वयाचे. त्यांनी एकदा मामीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी यू खोडला आणि मराठीत लिहिलं, 'युनिट'. मामीने पिशवीतून तिची वही काढली, त्यात उतरवून घेतलं आणि वाचून दाखवलं.

"सकाळी आठ. दहाच्या दोन रेघा खाली. लाल टोपण. बरोबर?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.